बिनलोखंडाचा चंबू

१

गॅसवाल्याने नायट्रोजनच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा बुधवारी सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं होती. दार अर्धं उघडून अडलं, कारण आत दाराशीच कोणीतरी पडलेलं होतं. आधी त्याला हातमोजे दिसले, ते जाडजूड, कोपरापर्यंतचे. मग चष्मा. मग चेहरा दिसला, आणि तो मागच्या मागे व्हरांड्यात येऊन बसला तो अर्धा तास उठलाच नाही.

संशोधन संस्थेच्या त्या लॅबमध्ये ती मुलगी वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नायट्रोजन विषारी नसतो. तो नुसता जागा व्यापतो, आणि छोट्या बंद खोलीत त्याने हवेची जागा घेतली की माणूस दोन श्वासांत खाली बसतो आणि परत उठत नाही. खोलीचा पंखा बंद होता. टाकीवरचा वायूचा नळ पूर्ण उघडा होता आणि त्याची रबरी नळी जमिनीवर लोळत होती.

फौजदाराला फार डोकं चालवावं लागलं नाही, कारण पत्र तयार होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला धाकटीच्या बाकावरच्या संगणकावरून लॅबच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, ईमेल गेला होता. लोखंडाची अभिक्रिया कधी झालीच नाही, बाजारातून आणलेला पदार्थ मी चंबूत टाकत होते, तीन वर्षं सगळ्यांना फसवलं, क्षमा करा. प्रकरण मिटल्यात जमा होतं. रसायनाचा मामला म्हणून सरकारी प्रयोगशाळेतल्या परीक्षकाची एक सही हवी होती, तेवढ्यासाठी त्याने बाईंना बोलावलं.

बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि उजवा गुडघा त्यांच्या आधीच निवृत्त झाला होता. त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आतली एकेक वस्तू बघत गेल्या.

"हा डबा कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"तिच्या हाताशी. द्रव नायट्रोजन न्यायचा डबा आहे म्हणे. पंपाला लागतो."

"झाकण?"

"लावलेलं होतं. आतून कोरडा ठणठणीत."

"म्हणजे ती द्रव न्यायला आली. हातमोजे घातले, चष्मा लावला, आणि झाकण उघडायच्या आतच पडली." बाईंनी हनुवटीने नळाकडे खूण केली. "आणि हा वरचा नळ वायूचा. याच्याशी तिचं काही काम नव्हतं. मला एक सांगा, जीव द्यायला निघालेला माणूस बोटं गारठू नयेत म्हणून हातमोजे घालेल?"

फौजदाराने टोपी काढून परत घातली. "माणूस काय, काहीही करतो."

"करतो ना," बाई म्हणाल्या. "पण सही मी आज करत नाही."

२

दुपारी मुलीचा बाप आला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, किरकोळ अंगाचा, सदऱ्याच्या खिशात डोळ्याला लावायचं भिंग. तो कोणावर ओरडला नाही. सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला आणि बाई समोरून जाताना उभा राहिला.

"तुम्ही परीक्षा करणार म्हणे."

"हो."

"मुलगी गेली, ते मी बघितलं. ते मला कळलं." तो थांबला. "पण इथे सगळे म्हणतायत की ती खोटारडी होती. शनिवारी समिती बसणार, तिचं नाव काढून टाकणार, तसं छापणार. तिची आई घरी वाट बघतेय. तिला मी काय सांगू? असेल तर असेल, सांगेन. पण मला कोणीतरी दाखवा. नुसतं सांगू नका."

बाईंच्या तोंडावर आलं होतं की बघू, करू. तीस वर्षं त्या लोकांना तेच सांगत आल्या होत्या. या वेळी त्यांनी नुसती मान हलवली.

सर आपल्या खोलीत फळ्याकडे तोंड करून उभे होते. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आदल्या दिवशी साडेचार ते सात ते पलीकडच्या सभागृहात दोनशे माणसांसमोर व्याख्यान देत होते. ईमेल साडेसातला पाहिला, दोन फोन केले, ती उचलेना, मग जेवून झोपले. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. बाईंनी सांत्वन केलं नाही.

"मला तुमची अभिक्रिया समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "या फौजदारांना कळेल अशी."

सरांनी खडू घेतला. काम मिळाल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. "कार्बनचे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे आहेत. आपले आपण ते जुळत नाहीत. मध्ये मध्यस्थ लागतो. तो एकाला धरतो, दुसऱ्याला धरतो, दोघांची गाठ घालून देतो आणि पुढच्या जोडीला मोकळा होतो. औषधांच्या कारखान्यात हे काम पॅलेडियम करतं. ते सोन्याच्या तोलाचं महाग. आम्ही म्हटलं, लोखंड करतं. जगातलं सगळ्यांत स्वस्त." फळ्यावर एक वर्तुळ उमटलं, त्यावर बाण. "हा मेकॅनिझम. लोखंड इथे एका अवस्थेत, इथे दोन इलेक्ट्रॉन देऊन वरच्या अवस्थेत, जोडणी झाली की परत खाली. एक, तीन, एक, तीन. चक्र."

"हे बाण कोणी पाहिलेत?"

"बाण कोणाला दिसत नसतात," सर म्हणाले. "सुरुवात दिसते, शेवट दिसतो. मधलं तर्काने लावायचं. आणि तर्क पक्का कशाने, तर ब्लँकने. बाकी सगळं तेच ठेवायचं, फक्त लोखंड घालायचं नाही. काहीच घडलं नाही, तर काम लोखंडाचंच. थोरल्याने, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, तसे चाळीस ब्लँक केले. शेजारी लोखंडवाले चाळीस. त्याच्यावरच तर आमचा छापलेला निबंध उभा आहे. त्या निबंधावर त्याला दुसऱ्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा मिळाली, पुढच्या महिन्यात रुजू होणार." ते खुर्चीत बसले. "आणि मागच्या आठवड्यात, ही अभिक्रिया करून बघणाऱ्या एका औषध कारखान्याचं पत्र आलं. त्यांच्याकडे अभिक्रिया होत नाही. पाच वेळा केली, एकदाही नाही."

"पण इथे होत होती."

"धाकटीच्या बाकावर. नेहमी."

"आणखी एकच विचारते. चंबूत नेमकं काय दिसतं?"

सरांना प्रश्न विचित्र वाटला. "काय म्हणजे? लोखंडाचा क्षार घातलेला असतो, त्यात मॅग्नेशियमचं द्रावण पडलं की क्षणात काळं. भिंतीला काजळी धरते. पहिल्यांदा ती काळी झाली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या मी."

बाहेर आल्यावर फौजदार म्हणाला, "रंगाचं काय घेऊन बसलात बाई?"

"सवय आहे. माणसाला वेळ विचारली की तो ठरवून सांगतो. रंग विचारला की तो तिथे होता का नव्हता ते कळतं."

३

गॅसवाला पहिल्याच प्रश्नाला ढेपाळला. त्या खोलीत हवा कमी झाली की वाजणारा भोंगा आहे. तो तीन आठवडे उगाचच वाजायचा, सगळे कटकट करायचे, म्हणून त्याने त्याच्या तोंडावर चिकटपट्टीचे चार थर लावले होते.

"मी मारलं तिला," तो म्हणाला. "नळ मी नाही उघडला, आईशपथ. पाचला कुलूप लावून घरी गेलो. पण भोंगा वाजला असता तर ती आत गेलीच नसती."

बाईंना त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण ते खरं होतं. "खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. एक लॅबमध्ये खिळ्याला. कोणीही घेतं."

"पंख्याचं बटण?"

"बाहेर, व्हरांड्यात." तो डोळे पुसत राहिला. "त्याला कोणी हात लावत नाही. तो कायम चालूच असतो."

म्हणजे कोणीतरी आधी येऊन पंखा बंद केला, नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि खोली भरेपर्यंत थांबलं. मग धाकटीला नायट्रोजन आणायला पाठवलं, किंवा ती रोजच्या वेळेला आपण होऊन गेली. एवढं फौजदारालाही आता दिसू लागलं होतं. त्याने वहीत गॅसवाल्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

"खोडा त्या," बाई म्हणाल्या. "याला असला ईमेल लिहिता येईल असं वाटतं तुम्हाला?"

काचेची भांडी धुणारी मावशी लॅबच्या टोकाला मोरीपाशी भेटली. साठीची बाई, बोटं आम्लाने खरबरीत झालेली. संस्थेत तिच्याइतकी जुनी फक्त इमारत होती. ती भांडी धुता धुताच बोलली, कारण थांबली असती तर रडली असती.

"धाकटी सोसत नसे हो कोणाचं. पण माझ्याशी गोड. तिचे चंबू म्हणजे माझ्या जिवाला घोर. काळे कुळकुळीत. लोखंडाची काजळी ती, नवसागराच्या पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, आम्लात भिजवावी लागते. मी तिला म्हणायची, तू काय चुलीवर शिजवतेस काय ग? तर हसायची. थोरला बघा, किती गुणी. तीन वर्षांत एक चंबू काळा नाही आला त्याच्याकडून. नुसता पाण्याने विसळला की लख्ख."

मोरीच्या कट्ट्यावर पत्र्याचा एक डबा होता. आत शेंगेएवढे पांढरे तुकडे, दहा-बारा.

"हे काय?" फौजदाराने विचारलं.

"फिरक्या. चुंबक असतो आत, वर पांढरं प्लास्टिक. चंबूत टाकतात, खालच्या यंत्राने गरगर फिरते, आतलं ढवळत राहतं. ही पोरं चंबू ओततात तेव्हा भान नसतं, फिरकी जाते मोरीत. मी काढून ठेवते. शनिवारी ज्याची त्याला." मावशीने डबा हलवला. "खुणा असतात प्रत्येकीवर. इथली रीत आहे. जो शिकून मोठा होतो तो आपली फिरकी नव्या पोराला देतो. लाभते म्हणतात. धाकटीला थोरल्याने दिलेली. तिच्यावर कानशीने पाडलेली खाच आहे. धाकटी दुसरी वापरायचीच नाही."

"थोरला आधी कशावर काम करायचा?"

"ते मला काय ठाऊक? काहीतरी महागाचं. सांडलं तर सर ओरडायचे."

धाकटीच्या बाकावर दोन चंबू तसेच होते. बाईंनी वाकून बघितलं, गुडघ्याने कुरकुर केली. डावीकडचा काळा, भिंतींवर काजळी. उजवीकडचा स्वच्छ, आत पिवळट तांबूस पाणी. दोन्हींत फिरकी होती. दोन्ही कोऱ्या करकरीत, खाच कोणावरच नव्हती.

तिची वही शेजारी होती. शेवटची दोन पानं फाडलेली.

४

थोरला स्वतःहून भेटायला आला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलण्यात आब असलेला. डोळे लाल होते आणि बाईंना ते खरे वाटले.

"मला बहिणीसारखी होती," तो म्हणाला. "पण कारखान्याचं पत्र आल्यापासून गप्प गप्प असायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"तुम्ही काल संध्याकाळी कुठे होतात?"

"ग्रंथालयात. सहापर्यंत. मग घरी."

"कोणी पाहिलं?"

"सगळी माणसं सरांच्या व्याख्यानाला होती. मी ते तीनदा ऐकलंय." तो खिन्न हसला.

"तिने तुमच्याकडे काही मागितलं होतं? मागच्या काही दिवसांत?"

"नाही. कामाचं आमचं बोलणंच झालं नाही."

"तिने फसवलं असं तुम्हालाही वाटतं?"

"ईमेल तिचाच आहे, बाई. मला काय वाटतं याला आता अर्थ नाही. माझीही तीन वर्षं त्यात गेली. माझे ब्लँक खरे, पण तिचा पदार्थच विकतचा असेल तर माझ्या मेकॅनिझमला काय किंमत? मी सुद्धा फसलोच ना." हे त्याने फार चांगलं म्हटलं. फौजदाराने सहानुभूतीने मान हलवली.

"मोठं काम होतं हो," बाई म्हणाल्या. "चाळीस ब्लँक, शेजारी चाळीस लोखंडवाले. आमच्याकडे तर हल्ली एकेक ब्लँक करायचा पोरांना कंटाळा. मला जरा सांगा, लोखंडवाल्या चंबूत मॅग्नेशियमचं द्रावण पडतं तेव्हा दिसतं कसं?"

"सुंदर," थोरला म्हणाला. "सोनेरी पिवळा होतो. मग हळूहळू तांबूस. अखेरीला अभिक्रिया थांबवायला नवसागराचं पाणी घातलं की निवळतो."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तेव्हा बशीचा आवाज झाला.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा फार वेळ घेतला."

५

शुक्रवारी दुपारी बाईंच्या प्रयोगशाळेत यंत्राने कागद बाहेर टाकला आणि फौजदाराने तो उलटा धरून बघितला.

"मला कळेल असं सांगा."

"बसा." बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "दोन चंबू. डावीकडे लोखंड, नवी फिरकी. त्यात पदार्थ जवळजवळ नाही. म्हणजे कारखान्यात जे झालं तेच, अभिक्रिया झाली नाही. उजवीकडच्यात पदार्थ भरपूर."

"विकतचा टाकलेला."

"विकतचा पदार्थ शुद्ध असतो. यात बरोबरीने चुकीच्या जोड्याही आहेत. तुकड्याला दुसरा तुकडा मिळाला नाही की तो आपल्याच जातीच्या तुकड्याशी जुळतो. हा कचरा बाटलीत मिळत नाही, तो अभिक्रिया घडतानाच होतो. म्हणजे त्या चंबूत अभिक्रिया खरीच झाली. ईमेल खोटा आहे."

फौजदाराने कागद खाली ठेवला.

"आता भिंती बघा," बाई पुढे म्हणाल्या. "लोखंड असताना मॅग्नेशियमचं द्रावण पडलं की काजळी धरते, मावशीला विचारा. उजवीकडच्या चंबूत लोखंड आहे, पण भिंत लख्ख. याचा अर्थ एकच. अभिक्रिया चालू होती तेव्हा त्यात लोखंड नव्हतं. सगळं संपून नवसागराचं पाणी घातल्यावर कोणीतरी वरून टाकलं. पाण्यात ते नुसतं पिवळं पडलं."

"मग लोखंडाशिवाय जोडणी केली कोणी?"

"पॅलेडियमने. पाण्यात सापडलं, दहा लाखांत चार भाग. लोखंडाच्या नावावर तीन वर्षं दुसराच मध्यस्थ गाठी घालत होता. ते आलं फिरकीतून. थोरल्याने विद्यार्थी असताना पॅलेडियमवर काम केलं, मी सरांना फोन करून विचारलं. फिरकीच्या प्लास्टिकवर चरे पडतात, त्यांत ते काळं होऊन रुतून बसतं, धुऊन निघत नाही. मग तीच फिरकी त्याने रीतीप्रमाणे धाकटीला दिली, लाभावी म्हणून. आणि लाभली. म्हणून अभिक्रिया फक्त तिच्याच बाकावर व्हायची. कारखान्याचं पत्र आल्यावर तिला शंका आली. तिने एका चंबूत लोखंड आणि नवी फिरकी घातली, दुसऱ्यात लोखंडच नाही, नुसती जुनी फिरकी. मंगळवारी दुपारी तिला उत्तर मिळालं."

"आणि ते तिने कोणाला तरी सांगितलं."

"ज्याने चाळीस ब्लँक केले त्यालाच सांगणार ना? तुमच्या वह्या द्या, म्हणाली असेल. कारण जुनी फिरकी तिच्याकडे होती, तेव्हा त्याच्या लोखंडवाल्या चाळीसांतही काही घडायला नको होतं. घडलं असं त्याने लिहिलंय. त्याने एकही केलेला नाही. एक जरी केला असता तरी चंबू काळा होतो हे कळलं असतं. तो मला सोनेरी म्हणाला. ते त्याने बाटलीतल्या क्षाराचा रंग बघून ठरवलं. त्याच अंदाजाने मंगळवारी, तिचा बिनलोखंडाचा चंबू ओळखू येऊ नये म्हणून, त्यात लोखंड टाकलं आणि पिवळं झालेलं बघून निश्चिंत झाला."

फौजदाराला आठवलं. "मावशी म्हणाली होती, तीन वर्षांत एक चंबू काळा नाही."

"आपण ते कौतुक समजून ऐकलं."

बाई खिडकीपाशी गेल्या. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनीही एकदा ब्लँक न करताच केला असं लिहिलं होतं. घाई होती, आणि उत्तर काय येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. उत्तर तेच होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ती सही त्यांना अजून अधूनमधून दिसे. थोरल्याने पहिला ब्लँक असाच चुकवला असणार, आणि मग उरलेले एकोणचाळीस आपोआप झाले असणार.

"पण न्यायालयात काय दाखवणार?" फौजदार म्हणाला. "रंग? वकील हसतील. ती खाचेची फिरकी पाहिजे. ती त्याने केव्हाच फेकली असेल."

बाईंनी वळून बघितलं. "फेकली असेल. कुठे?"

६

शनिवारी सकाळी साडेनऊला समितीची माणसं वरच्या मजल्यावर जमत होती. खाली लॅबमध्ये सर होते, थोरला होता, गॅसवाला दाराशी उभा होता. थोरल्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, समितीपुढे त्याची साक्ष होती. बाईंनी मावशीला हाक मारली.

"मावशी, आज शनिवार. फिरक्या काढायच्या ना?"

"या प्रकारात सुचलंच नाही." मावशीने पदर खोचला आणि पहिल्या बाकाच्या मोरीपाशी गेली.

"त्या कशा काढता ते यांना दाखवा."

"कशा म्हणजे? मोरीच्या जाळीखाली दोरीला चुंबक बांधलाय मी. प्रत्येक मोरीत. खाली गेली की चिकटते. नाहीतर सगळ्या गटारात जातील, आणि नळवाले मला बोलतील."

थोरला मोरीकडे वळला. तीन वर्षांत त्याने स्वतःचं एक भांडं स्वतः धुतलं नव्हतं. मोरीत काय बांधलेलं असतं ते त्याला कुठून माहीत असणार?

पहिल्या मोरीत काही नव्हतं. दुसऱ्या मोरीत एक निघाली, ती सरांच्या नव्या विद्यार्थ्याची. तिसरी मोरी थोरल्याच्या बाकाची. मावशीने जाळी उचलली, दोरी ओढली. चुंबकाच्या टोकाला एक फिरकी चिकटून वर आली. पांढरी म्हणायची, पण चऱ्यांत काळं भरलेलं. मावशीने ती अंगठ्याने पुसली.

"ही धाकटीची," ती म्हणाली. "ही बघा खाच." आणि मग ती कोणाच्या मोरीतून निघाली हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने थोरल्याकडे पाहिलं. "तुझ्याकडे कशी रे?"

थोरल्याने सदऱ्याची बाही सरळ केली.

"तिने देऊन टाकली असेल," थोरला म्हणाला.

"मंगळवारी दुपारपर्यंत ती तिच्या चंबूत होती," बाई म्हणाल्या. "त्या चंबूतल्या पाण्यात हिचं पॅलेडियम उतरलंय. तिची पानं फाडलीत, लोखंड वरून टाकलंत, नवी फिरकी घातलीत. एवढं नीट केलंत. फक्त चंबू काळा व्हायला हवा होता. सरांना विचारा. मावशींना विचारा. इथे भांडी धुणाऱ्या बाईला जे ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नाही."

सर भिंतीला टेकले. "चाळीस," ते पुटपुटले. "एक तरी केलास का रे?"

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो मावशीच्या हाताकडे बघत होता.

"ती रागावली नव्हती," तो अखेर म्हणाला. "रागावली असती तर बरं झालं असतं. खुश होती. दादा, सापडलं, म्हणाली. आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू, फक्त तुमच्या वह्या द्या. मी म्हटलं, देतो, घरी आहेत. तिला वाटत होतं माझ्या वह्या आहेत." त्याने ओठ चावला. "पंपाला नायट्रोजन लागेल म्हणाली. मी म्हटलं, तू पाणी घालून हे आवर, मग जा. अर्धा तास होता माझ्याकडे."

"त्या अर्ध्या तासात तिला हाक मारता आली असती," बाई म्हणाल्या.

"हो."

यापुढे त्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. फौजदाराने त्याच्या दंडाला धरलं. दाराशी गॅसवाला बाजूला झाला, पण मान वर करून त्याने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचा स्वतःचाही हिशोब व्हायचा होता, आणि तो होणार हे त्याला कळत होतं.

७

समितीने त्या दिवशी वेगळाच कागद काढला. लोखंडाचा निबंध मागे घेण्यात येत आहे, काम पॅलेडियमचं होतं, आणि ही चूक शोधणाऱ्या संशोधिकेचं नाव खाली दिलं आहे. खाली एकच नाव होतं. सरांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही, आणि तेवढं तरी त्यांनी बरं केलं असं बाईंना वाटलं. साडेसातला फोन उचलला नाही तेव्हा ते लॅबमध्ये आले असते तरी ती वाचली नसती. बाईंनी त्यांना तसं सांगितलंही. त्यांना ते ऐकू आलं असं दिसलं नाही.

घड्याळजी त्याच बाकावर बसला होता. बाई शेजारी बसल्या, गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला आणि पारदर्शक पिशवीतली फिरकी त्याच्यापुढे धरली. पुरावा असा दाखवायचा नसतो. फौजदार दुसरीकडे बघत राहिला.

"तुम्ही म्हणाला होतात, दाखवा."

त्याने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पिशवी उजेडाकडे धरली. आयुष्यभर बारीक वस्तू बघितलेला माणूस, त्याने घाई केली नाही. खाच बघितली. एकेक चरा बघितला.

"चऱ्यांत काळं आहे," तो म्हणाला. "हे घाणीचं नाही. धातूचं आहे."

"हो."

"यानेच सगळं झालं?"

"यानेच."

"म्हणजे तिचंही चुकलंच होतं. तीन वर्षं."

"चुकलं होतं," बाई म्हणाल्या. खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. "तिचं, सरांचं, सगळ्यांचंच."

"आणि तीन वर्षांत हिच्याकडे कोणी नीट बघितलं नाही?"

"तुमच्या मुलीने बघितलं. मंगळवारी."

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं, सदऱ्याला पुसलं, खिशात ठेवलं. पिशवी परत दिली. मग फोन काढून घरचा नंबर लावला. पलीकडून लगेच उचलला गेला, कोणीतरी हातात घेऊनच बसलं असावं.

"अगं, मी बोलतोय," तो म्हणाला. "आपली खरी होती."

तो फोन कानाला धरून तसाच बसला, आणि बाईही उठल्या नाहीत.